माकडशिंगाची शेंग

कर्जतचे गोपाळकृष्ण मास्तर म्हणजे गणिताचा माणूस. झाडाझुडपांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. एकदा माथेरानला चालत जाताना कड्याच्या भेगेत माकडशिंगाचं झुडूप दिसलं, त्यातली एक फांदी आणून कुंडीत खोचली, आणि झालं, वेडच लागलं. बिनपानांच्या, बोटाएवढ्या जाड, हिरव्या फांद्या. पाणी जरा जास्त झालं की कुजणार, विसरलात तर मजेत राहणार.

पावसाळा सरता सरता फुलं यायची; पण शेंगेचं नाव नाही. ती पाहिल्याशिवाय मरायचं नाही, असं मास्तरांनी घरात जाहीरच केलं. अकरा वर्षं गेली. मागेल त्याला फांदी दिली, गावात चाळीस कुंड्या झाल्या, तरी एकीलाही शेंग धरेना.

या फुलांवर माशा बसाव्या लागतात, असं कुठंतरी वाचून मास्तरांनी काय करावं? बाजारातून सुका बोंबील आणून कुंडीपाशी टांगला. ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, त्या घरात! मास्तरांच्या पत्नी उमाताई दोन दिवस बोलल्या नाहीत. माशा आल्या, मांजरं आली, शेंग काही आली नाही.

हे मास्तर दर आठवड्याला एकच बोंबील नेतात तरी कशाला, ते बघायला बोंबील विकणारी इंदूबाई एक दिवस घरीच आली. पोट धरून हसली.

“मास्तर, सगळ्या कुंड्या एकाच फांदीच्या ना? मग झाड एकच झालं. एकटं काय धरणार? आमच्या कड्याला दुसरं हाय, आमी चटणी करून खातो त्याची.”

जन्मभर आकडे शिकवले, आणि चाळीस म्हणजे एक हे बोंबीलवालीनं सांगावं! मास्तरांना लाज वाटली. तिनं चटणीतून वाचवलेली फांदी त्यांनी निमूट लावली.

दुसऱ्या वर्षी दोन शिंगांसारखी शेंग धरली. मास्तर चक्क रडले. उमाताईंनी ती आधीच पाहिली होती. मांजर येऊ नये म्हणून त्या रोज तिथंच भाजी निवडत बसायच्या. बी उडू नये म्हणून शेंगेला मलमलीची पिशवीही त्यांनीच बांधली.

शेंग तडकली त्याच आठवड्यात इंदूबाई आली, ती उतरल्या चेहऱ्यानं. रस्त्यासाठी त्यांचा कडा फोडला होता, एकही झुडूप उरलं नव्हतं. तिनं फांदी मागितली.

“फांदी नाही देणार,” मास्तर म्हणाले, आणि पिशवीतलं निम्मं बी तिच्या पदरात ओतलं. “हे लावा. यातलं प्रत्येक झाड निराळं निघेल.”

उमाताई आतून बाहेर आल्या.

“फुलं आली की कळवा,” त्या म्हणाल्या. “बोंबील मी घेऊन येईन.”