मलकापुरातली पाऊण तासाची लोकशाही

मुलांनो, आपल्या घरात लोकशाही एकूण पाऊण तास टिकली. ती मी आणली होती.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवे होते आणि माझे लग्नही. मलकापूरच्या सासरी आले तेव्हा बी.ए.चे शेवटचे वर्ष बाकी होते. यंदा नापास झाले तर शिक्षण बंद, असे सासऱ्यांनी लग्नातच बजावले होते. परीक्षेला एक महिना उरला. घरात शांत खोली एकच, आणि तिच्यात मामाजी.

सासूबाईंचे हे धाकटे भाऊ दातांची कवळी बसवायला साखरखेर्ड्याहून आठ दिवसांसाठी आले होते. कवळी बसून तीन महिने झाले. ती नीट बसली आहे ना, हे तपासायला ते रोज अख्खे वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. (जाहिरातींसह!)

घरातली राज्यपद्धती मी वहीत नोंदवली होती: सासरे नामधारी राजे, सासूबाई निरंकुश सत्ता, तुमचे आजोबा प्रजा. उपाय मला राज्यशास्त्राच्या पुस्तकात, अथेन्समध्ये सापडला. तिथले नागरिक खापरीवर एकेक नाव लिहीत. ज्याला सर्वांत जास्त मते, तो दहा वर्षे शहराबाहेर! मी दहा वर्षांचा एक महिना केला आणि रविवारी जेवणानंतर प्रस्ताव मांडला.

"मतदान गुप्त राहील," मी म्हणाले.

"मले बी मत हाये ना?" मामाजींनी विचारले. "रोज जेवून राह्यलो इथं!"

तत्त्वाचा प्रश्न होता. मी होकार दिला. मते पाच, त्यांतली माझे, आजोबांचे आणि सासूबाईंचे अशी तीन मी आधीच वहीत धरली होती. "हा कधी जाते काय मालूम!" असे सासूबाई रोज म्हणत.

आता खापऱ्या. परसात दोन माठ पालथे होते: एक तडकलेला, दुसरा उन्हाळ्यासाठी कालच आणलेला. मी नीट पाहून एक आपटला. तो कालचा निघाला.

"काऊन फोडला वं?" सासूबाई ओरडल्या.

"इतिहासासाठी," मी म्हणाले.

"गेलं थंड पानी!" सासरे म्हणाले आणि कोळसा उचलून त्यांनी तिथल्या तिथे खापरीवर मत लिहिले.

सासूबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांनी खापरी माझ्यापुढे धरली. "लिही."

"कोणाचं नाव?"

"तुह्यं."

"माझं?"

"हाव. हळू बोल, मतदान गुप्त हाये."

मी लिहिले. सुवाच्य अक्षरात, शिरोरेघ देऊन.

मोजणीही मीच केली. मला तीन मते: सासूबाईंचे, मामाजींचे आणि माठामुळे सासऱ्यांचे. मामाजींना एक, माझे. पाचव्या खापरीवर आजोबांनी स्वतःचेच नाव लिहिले होते. महिनाभर घरातून सुटण्याची संधी त्यांना सोडवेना!

संध्याकाळी मी रडत ट्रंक भरत होते. सासूबाई जवळ येऊन बसल्या.

"रडते काऊन? भावाले धाडलं तं माह्यं माहेर तुटते. तुले धाडलं तं तुले माहेर भेटते. तिथं कर अभ्यास."

"मग आधीच का नाही पाठवलंत?"

"मी धाडली असती तं लोक बोलले असते, सासूनं सून हाकलली. आता तू मतानं चालली."

ट्रंक मामाजींनी स्वतः स्टेशनापर्यंत उचलली. वाटेतल्या दुकानांच्या सगळ्या पाट्या वाचत.

खामगावला माहेरी अभ्यास उत्तम झाला. पेपरात प्रश्न आला: अथेन्सच्या लोकशाहीचे फायदे व तोटे लिहा. मी तोट्यांची अकरा पाने भरली. फायद्यांकडे वळले तेव्हा घंटा झाली. त्या पेपरात काठावर, पण पास झाले.

पुढे तीस वर्षे मी शाळेत मुलींना लोकशाही शिकवली. घरी मात्र माठाला हात लावायची परवानगी मला शेवटपर्यंत मिळाली नाही.