सणाच्या घरी पिठलं-भाकरी

घाटात अजून वाफेची इंजिनं धावत होती तेव्हा मी लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून होतो, आणि दोन भल्या माणसांची हाडं मोडायला कारण झालो. तिसरं हाड माझंच.

शेजारच्या खोलीत गोव्याचा एक कॅथलिक ड्रायव्हर आणि त्याची बहीण राहत. इंजिनशेडमधला फिटर त्रावणकोरचा, ऑर्थोडॉक्स. त्याला ती हवी होती, तिलाही तो. ड्रायव्हरनं पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, त्याला जेवायला बोलावलं; पाहुण्यांसमोर होकार द्यायचा ठरला होता. हे जुळवून आणलं मीच, आणि त्याची मला घमेंड होती.

आदल्या दिवशी फिटरला विचारलं, सण कसला? "या दिवशी माता वारली," तो म्हणाला. "प्रेषितांनी तिला पुरलं. तिसऱ्या दिवशी थडगं रिकामं. देहासकट वर गेली."

पुढचं मी कशाला ऐकतोय? वारली, एवढंच डोक्यात बसलं. आमच्या मावळात मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी नेऊन देतात. आईकडून करून घेतली, अनवाणी गेलो आणि मान खाली घालून टोपली उंबऱ्यात ठेवली. आत मटण रटरटत होतं, पाहुणे कोट घालून बसले होते. तरी मला काही कळलं नाही.

"हे काय रे, बाबू?" ड्रायव्हरनं विचारलं.

"आज तुमची चूल बंद असेल. माता गेल्या ना."

"मेली म्हणून कुणी सांगितलं तुला?"

मी फिटरकडं बोट दाखवलं.

ड्रायव्हर उठला. "आमची सायबीण माय मेली नाही. जिवंत वर गेली, कुडीसकट."

"मेली," फिटर शांतपणे म्हणाला. "तिच्या मुलाला मरण आलं, तिला का नाही? मेली, मग वर गेली."

"अहो, म्हणजे वर गेल्या यावर तुमचं दोघांचं एकमत आहे," मी म्हणालो.

ड्रायव्हरनं हाणलेलं कोळशाचं फावडं आधी माझ्या खांद्यावर बसलं, हाड मोडलं. दुसरा घाव फिटरच्या जबड्यावर. जबडा मोडला, दात रक्तासकट बाहेर आले. त्यानं ड्रायव्हरचं मनगट धरून दाराच्या चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मी खाली पडल्या पडल्या ऐकला. तरी ड्रायव्हरनं डाव्या हातानं फावडं उचललंच.

बहीण चुलीतलं जळतं लाकूड घेऊन आली आणि भावाच्या तोंडाशी धरलं. त्याच्या मिशा करपल्या. "आता मारून बघ."

तो थांबला. तिनं सणाच्या नव्या झग्यानं फिटरचं तोंड पुसलं.

"त्याच्याबरोबर गेलीस तर मला मेलीस," भाऊ म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. दुपारच्या पॅसेंजरनं दोघं गेली.

पुढं मी पाद्रीबाबांना विचारलं, खरं काय? ते म्हणाले, ती मरण पावली की नाही, हे रोमनं ठरवलेलं नाही. दोन्ही मानणारे आम्हा कॅथलिकांतच आहेत. हात गळ्यात बांधलेला ड्रायव्हर शेजारीच उभा होता.

मग तो पावतीचं निमित्त काढून मालधक्क्यावर येऊ लागला. "तिचं पत्र आलं काय तुला?"

आलेलं असे. मी नाही म्हणायचो. खांदा लय दुखायचा.