कर्नलसाहेबांनी मान हलवली

"त्याला काही विचारू नका. जे काय ते मला विचारा," कर्नलसाहेब म्हणाले.

मी म्हटलं, "सर, कान त्यांचे आहेत."

"आहेत ना. पण ऐकतो मी."

हे २००४ सालचं. माझं क्लिनिक तेव्हा मारुंजीत, एका हार्डवेअरच्या दुकानावर होतं. मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे कानाचं ऑपरेशन करणारी नव्हे, ऐकू किती येतं ते तपासणारी आणि ऐकायचं मशीन बसवणारी. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी आधी त्यांची चूक दुरुस्त करायचे, मग नाद सोडला.

समोर दोघं बसले होते. कर्नल जाचक, पायदळातले. आणि मेजर सोहोनी, तोफखान्यातले. दोघं रिटायर्ड, दोघं एकटे. महाळुंग्याच्या एका नव्या सोसायटीत एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचा फ्लॅट. कर्नलसाहेबांचे दोन आवाज होते. मेजरसाहेबांशी बोलताना परेड ग्राउंडवरचा, आणि आमच्याशी बोलताना साधा, हळू. पहिला आवाज लागला की खालून घरमालक तात्या जिन्यात येऊन विचारायचे, "म्याडम, कुनाची भांडणं चालल्यात का?"

"नाही हो तात्या. ते त्यांना पाणी हवं का विचारतायत."

"आयला! मग पानी द्या की लौकर."

तपासणीच्या वेळी पेशंटला एका बंद केबिनमध्ये बसवतात. कानाला हेडफोन. शिट्टीसारखा बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मेजरसाहेब आत, मी बाहेर मशीनवर. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माणूस बहिरा असून प्रत्येक आवाजाला बटण दाबतोय. मागे वळून पाहते तर कर्नलसाहेब माझ्या खांद्यावरून मशीनचा दिवा बघून काचेतून त्याला खुणा करतायत!

"सर, बाहेर व्हा."

"अहो, मदत करतोय."

"मदत नाही, कॉपी चाललीय ही. बाहेर."

गेले बिचारे. बाहेर बाकावर ताठ बसले, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

खरा रिपोर्ट वाईट होता. तोफांजवळ वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला वरच्या पट्टीतले, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. आवाज येतो, पण शब्द ओळखू येत नाहीत. पाठ, ताट, काठ सगळं सारखंच. असा माणूस मग एक युक्ती शिकतो. मान हलवायची. समोरचा बोलायचा थांबला की मान हलवायची, जमलं तर हसायचं. घरच्यांना वाटतं, ऐकलं. मेजरसाहेब त्यात पटाईत होते. मी मुद्दाम म्हटलं, "आज मंगळवार की माझं नाव गोदावरी?" त्यांनी हसून मान हलवली.

मशीन इतक्या उशिरा कशाला, असं विचारल्यावर कर्नलसाहेबांनी कारण सांगितलं. त्यांच्या पलटणीचा दरवर्षी पुण्यात मेळावा व्हायचा. एकाहत्तरच्या युद्धात गेलेल्यांच्या घरची माणसंही यायची. मेजरसाहेबांनी जाणं कधीच सोडलं होतं. चार माणसांत काही कळत नाही, मग लाज वाटते. "यंदा मला तो स्टेजवर शेजारी हवाय," कर्नलसाहेब म्हणाले. "लढाईत शेजारी होता, मग इथं का नको?"

मग त्यांनी मला ती पद्धत समजावली. लढाईच्या वेळी तोफखान्याचा एक मेजर पायदळाच्या सीओबरोबर, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाबरोबर राहतो. एकाच खंदकात, एकाच ताटात म्हणा ना. तोफा कित्येक मैल मागं असतात. गोळे कुठं हवेत ते सीओ सांगतो, हा हिशोब करून वायरलेसवर मागं कळवतो.

"आम्हाला शब्द लागायचे नाहीत," कर्नलसाहेब म्हणाले. "तो माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो, की सुटल्या तोफा. लग्नाच्या बायकोशी जमलं नाही एवढं त्याच्याशी जमलं."

मेजरसाहेबांनी मान हलवली.

मशीन बसवायच्या दिवशी मी घरच्यांना एक भाषण देते. त्यांना घरचे म्हणजे कर्नलसाहेबच. मी म्हटलं, "सर, आजपासून यांना ऐकू येणार. तुम्ही हळू बोललेलंसुद्धा. पहिले काही दिवस सगळ्यांनी जपून बोलायचं."

"हो, हो," कर्नलसाहेब म्हणाले. भाषण असंच ऐकतात सगळे.

मशीन सुरू केलं. मेजरसाहेब एकदम दचकले. माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "बांगड्या वाजतायत." मग रडलेच. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला होता. मी त्यांना म्हटलं, जरा गॅलरीत जा, रस्त्यावरचे आवाज ऐका. ते गेले.

ते पलीकडे गेल्यावर कर्नलसाहेब माझ्याकडे वाकून त्या दुसऱ्या, हळू आवाजात बोलायला लागले. बहिऱ्या माणसाच्या सोबत्यांची ही सवय असते. तो जवळ असताना त्याच्याबद्दल बिनधास्त बोलायचं.

"बरं झालं. फार सोसलंय त्यानं. एकाहत्तरला एका टेकडीवर आमचेच गोळे आमच्याच माणसांवर पडले होते. चार पोरं गेली. हिशोब चुकला त्याचा. मी वर सांगितलं, हुकूम माझा होता. नाहीतर त्याला जन्मभर डाग लागला असता. त्याला अजून माहीत नाही."

गॅलरीचं दार उघडंच होतं. मेजरसाहेब दारात उभे होते. मी हातानं खूण केली, पण कर्नलसाहेब वाक्य संपवूनच थांबले.

"सर," मेजरसाहेब म्हणाले, "माझा हिशोब बरोबर होता."

कर्नलसाहेब वळले. सवयीनं मोठ्या आवाजात म्हणाले, "काय रे? काय झालं?"

"ओरडू नका. ऐकू येतंय मला. मी वर सांगितलं होतं, माझी चूक झाली. तुमचं नाव येऊ नये म्हणून. हुकूम तुमचा होता सर."

"माझा? मी कधी दिला?"

"मी विचारलं तुम्हाला. आपली माणसं पुढं गेली असतील, तरी टाकू का? तुम्ही मान हलवलीत."

"तू असलं काही विचारलंच नाहीस!"

"विचारलं सर."

"सोहोनी, विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं? माझी पोरं होती ती!"

दोघंही खोटं बोलत नव्हते, एवढं मला दिसत होतं. इतकी वर्षं प्रत्येक जण समजत होता की दुसऱ्याची चूक आपण पोटात घातलीय. आणि त्याच समजुतीवर दोघं वरखाली राहत होते, सकाळचा चहा एकत्र पीत होते. मेजरसाहेबांनी शांतपणे चप्पल घातली. "मशीन उत्तम आहे मॅडम," म्हणाले, आणि एकटे जिना उतरले.

मेळाव्याला ते गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात फ्लॅट बंद करून नागपूरला मुलीकडे निघून गेले.

वर्ष होत आलं असेल. कर्नलसाहेब एकटे आले. खांदे उतरले होते. म्हणाले, "माझे कान तपासा."

तपासले. वयाच्या मानानं ठीक होते, वरच्या पट्टीत थोडे गेलेले.

"त्या सकाळी, टेकडीवर, मला ऐकू येत होतं की नाही, हे यातून कळेल?"

"नाही सर. मशीन आजचं सांगतं."

ते उठायला लागले. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "त्याआधी तुमच्याजवळ काही फुटलं होतं का?"

"हो. शत्रूचा एक गोळा, खंदकाच्या तोंडाशीच. दुपारपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. त्याचं काय?"

"आणि मेजरसाहेब?"

"तो आत होता. वायरलेसचे हेडफोन कानाला."

मग मी त्यांना समजावलं. फार मोठा स्फोट जवळ झाला की कान काही तासांपुरता बधिर होतो. नंतर बराचसा परत येतो, म्हणून माणूस विसरून जातो. त्यांचे कान झाकलेले होते, तुमचे उघडे. त्यांनी विचारलं असणार. तुम्हाला ऐकू आलं नसणार.

"मग मी मान का हलवली?"

"ऐकू न येणारा माणूस मान हलवतो सर. सगळे हलवतात."

"मला दिसत होतं, तो काहीतरी बोलतोय," ते म्हणाले. "वाटलं, तयार आहे म्हणत असेल. परत विचारायला हवं होतं. पण खंदकात सगळे माझ्याकडे बघत होते. सीओ 'काय म्हणालास' असं दोनदा विचारत नाही हो. आमच्यात तसं नसतं."

मी फोन त्यांच्यापुढं सरकवला. "आत्ता सांगा त्यांना."

नागपूरला मुलीनं उचलला. कर्नलसाहेब म्हणाले, "बेटा, त्याला मशीन लावून फोन दे."

फोनचा आवाज मोठा होता. मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "काका, ते एरवी लावतात. तुमचा फोन आहे म्हटलं की काढून ठेवतात. देते, पण..."

मेजरसाहेब आले. कर्नलसाहेबांनी आधी हळू आवाजात सुरुवात केली. असली गोष्ट हळूच बोलायची असते. मग त्यांना तो दुसरा आवाज काढावा लागला.

"सोहोनी! तू विचारलं होतंस! मला ऐकू आलं नव्हतं! चूक माझी होती!"

"येस सर," पलीकडून आलं.

"कळलं का तुला? तू बरोबर होतास!"

"येस सर."

कर्नलसाहेबांचा चेहरा जरा उजळला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तो उतरत गेला. त्यांनी पुन्हा तोंडाशी फोन नेला. "सोहोनी, तिकडं पाऊस आहे का रे?"

"येस सर. येस सर."

त्यांनी फोन ठेवला. तात्या जिन्यात येऊन उभे होते. या खेपेला ते तसेच परत खाली गेले.

पत्र लिहा, मी म्हटलं. लिहितो म्हणाले. लिहिलं की नाही ते मला माहीत नाही. पुन्हा ते माझ्याकडे आले नाहीत. मेजरसाहेब दोन वर्षांनी गेल्याचं मला कळलं तेही भलत्याच कुणाकडून. मशीन शेवटपर्यंत छान चालत होतं म्हणे. आमच्या धंद्यात याला सक्सेसफुल फिटिंग म्हणतात.

आता माझ्यासमोर कुणी मान हलवली, पेशंट असो, त्याचा मुलगा असो की माझा नवरा, मी पुढं जात नाही. विचारते, "मी काय म्हणाले ते सांगा बघू." लोक चिडतात. शाळा आहे का ही, म्हणतात. चिडू देत. मी परत विचारते.