गिझरला मारलेली खुंटी

आमच्या न्हाणीघरातल्या गिझरच्या तळाशी, थंड पाणी आत जातं तिथे, एक पितळी व्हॉल्व्ह आहे. त्याच्या बाजूला करंगळीएवढं तोंड आहे. गिझर तापू लागला की त्या तोंडातून पाणी ठिबकतं, तापून झाला की थांबतं. हे ठिबकणं गरजेचं असतं, हे त्या जानेवारीपर्यंत घरात कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि गिझर मीच बसवून घेतला होता.

घर शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे. भातसानगरचं धरण जवळ असलं तरी गावाला पाणी बोअरचं. ते जड आहे. बादलीच्या आत पांढरी कड धरते, साबणाला फेस येत नाही, सोडा घातल्याशिवाय तुरीची डाळ शिजत नाही. गिझरच्या आतही तेच होत असणार हा विचार चार वर्षांत कधी मनात आला नाही. एकदा गिझर सारखा मध्येच बंद पडू लागला, तेव्हा गावातल्या वायरमनने आत काहीतरी जोडून तो चालू केला. त्याने काय जोडलं, ते आम्ही विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात बहीण पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली होती. बाळ बावीस दिवसांचं होतं. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला सोसेल तितक्या कढत पाण्याने न्हाऊ घालतात. त्यासाठी शेजारच्या पाड्यावरून एक म्हातारी रोज सकाळी यायची. सगळं गाव तिला आजी म्हणायचं. तिच्या हातून गावातली निम्मी पोरं न्हाऊन निघाली होती. पूर्वी ती चुलीवरच्या हंड्यातलं पाणी घ्यायची. आता गिझरचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवायला सांगायची.

इतका तापवल्यावर व्हॉल्व्ह जास्त ठिबकू लागला. आई खाली तांब्या ठेवायची, मग बादली. तिचं लहानपण टेकडीखालच्या विहिरीवरून पाणी आणण्यात गेलेलं. वाया जाणारं पाणी तिला बघवत नाही. तिने मला दोनदा फोनवर सांगितलं. मी म्हणालो, सुट्टीला आलो की बघतो. दोन सुट्ट्या तशाच गेल्या. तिसऱ्या वेळी तिचा फोन आला.

"गळती बंद केली रे मी. तुझी वाट बघत बसले असते तर बोअर आटली असती."

मी म्हणालो, "बरं झालं."

माझे शब्द एवढेच होते. पुढे ते मला बऱ्याचदा आठवले.

त्या आठवड्यात मी दोन दिवसांच्या रजेवर घरी आलो. म्हसा गावची गुरांची जत्रा सुरू झाली होती आणि अर्धं गाव तिकडे होतं. सकाळी नऊच्या सुमारास आजी आली. बहिणीने नळ सोडला तेव्हा पाणी सरळ आलं नाही. नळ थुंकल्यासारखा फुरफुरला आणि वाफ आली. बहीण हात झटकत बाहेर आली.

"भाजलं गो बाय. हे पाणी हाय का चहा?"

आजी आतून म्हणाली, "चहाच हाय. ये, साखर घालते."

दोघी हसल्या. गार पाणी मिसळून आजीने बादली भरली, नळ बंद केला, पाटावर पाय पसरून बसली आणि बाळाला पायांवर घेतलं. बाळंतिणीची दुसरी बादली लागणार म्हणून गिझर चालूच ठेवला. बहीण दाराशी टॉवेल घेऊन बसली.

मी ओटीवर होतो. गिझरचा आवाज तिथपर्यंत येत होता. लाह्या फुटाव्यात तसा, पण जड. आई म्हणाली, आठवडाभर असाच वाजतोय. लाल दिवाही विझत नव्हता. आदल्या संध्याकाळी गिझर लावला तेव्हाही तो मला जळतच दिसला होता. आवाज ऐकून पहिल्यांदाच वाटलं, आत थर बसला असेल, म्हणून तापायला वेळ लागतोय. साफ करून घ्यावा म्हणून आसनगावच्या मेकॅनिकला फोन लावला. तो जत्रेत होता. मागे भोंगे वाजत होते.

"चार दिवस टाइम नाय. बैल बघतोय," तो म्हणाला. "काय होतंय?"

मी क्रमाने सांगितलं: आवाज, वाफ, न विझणारा दिवा.

"व्हॉल्व्ह टपकतो ना?"

"आधी टपकत होता. आता नाही."

"आता नाय म्हणजे? कवापासून?"

मी आईला विचारलं. आईने सहज सांगितलं, "खुंटी मारलीय मी. कारवीची. वरून ट्यूब आवळलीय."

आमच्याकडे शेतातल्या पाइपला भोक पडलं की असंच करतात. कारवीची काडी तासून ठोकायची, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधायची. हंगामभर टिकतं. आईच्या हाताला ते सवयीचं काम होतं आणि तिने ते नीट केलं होतं.

मेकॅनिक भोंग्यांपासून दूर गेला असावा, कारण आवाज एकदम स्पष्ट आला. "ऐका. पहिलं मेन बंद करा. नळ उघडू नका. खुंटीला हात लावू नका. तापलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच नाय ठेवली तुमी. टाकी फुटेल. आत कोण हाय का?"

मी फोन खाली टाकला. मेन स्विच ओटीच्या भिंतीवर होता. तो खाली ओढला. न्हाणीघराच्या दाराशी धावलो; लाल दिवा विझला होता, आवाज थांबला नव्हता.

न्हाणीघर पाच फूट बाय चार फूट. गिझर मागच्या भिंतीवर, आजीच्या डोक्यापासून हातभर वर. बाळ तिच्या पायांवर पालथं, पाठीवर डाळीचं पीठ आणि तेल. व्हॉल्व्हवर काळी ट्यूब गच्च आवळलेली होती. तिच्याखाली एक थेंबही नव्हता.

"आजी, उठा. बाहेर या लगेच."

"का रे? साप निघाला?"

"गिझर फुटेल."

तिने वर पाहिलंही नाही. "अर्ध्या न्हाणातून बाळाला उठवत नाय. पीठ अंगावर सुकलं तर कातडी ओढते. दोन तांबे राहिले. तू जा, पुरुषमाणसाने दारात उभं राहू नये."

बहीण म्हणाली, "दादा, काय झालंय?" माझ्या चेहऱ्याकडे बघून ती उठली होती.

मी वर्तमानपत्रात काम करतो; यापूर्वी अशा घटनांच्या चार ओळींच्या बातम्या लावल्या आहेत. त्यात वय असतं, गावाचं नाव असतं, 'घबराट पसरली' असं असतं. त्या क्षणी मला फक्त वय दिसत होतं: बावीस दिवस. आजीने तांब्या बादलीत बुडवला. वर टाकीत काहीतरी ठणकन वाजलं, पत्र्यावर आतून बुक्की मारल्यासारखं. मी आत गेलो, तिच्या पायांवरून बाळ उचललं आणि बहिणीच्या टॉवेलात टाकलं. बाळ तेलाने निसटत होतं. ते निसटलं असतं तर, हा विचार नंतर आला.

आजी ओरडली. मला उद्देशून ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बाळ गेल्यावर तिला आत बसायचं कारण उरलं नाही. ती भिंतीला धरून उठली. तिचे गुडघे सरळ व्हायला जो वेळ लागला तो मी तिचा दंड धरून मोजत होतो. बाहेर आल्यावर मी दार ओढून घेतलं.

आम्ही सगळे अंगणाच्या टोकाला, आंब्याखाली गेलो. बाळ पिठाने माखलेलं, रडत. आजीने लुगड्याच्या पदराने त्याची पाठ पुसायला घेतली आणि माझ्याकडे पाठ फिरवून बसली. आई उभीच होती. तिने एकदाच विचारलं, "मी केलं का रे हे?"

मी म्हणालो, "मीही बरं झालं म्हणालो होतो." तिला ते ऐकू आलं की नाही, माहीत नाही.

टाकी फुटली नाही. आवाज हळूहळू विरळ झाला आणि दुपारी थांबला. तरी संध्याकाळपर्यंत कोणी आत गेलं नाही. मेकॅनिक बैल न घेताच पाचला आला. त्याने टाकीवर हात ठेवून पाहिलं, मग पक्कडीने खुंटी ओढली. पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळली. सात-आठ तासांनंतरही ते पाणी गरम होतं.

गिझर खोलल्यावर आतून घमेलंभर पांढरे पापुद्रे निघाले. थर्मोस्टॅटची नळी त्यांच्यात पुरली गेली होती, त्यामुळे पाणी किती तापलं ते त्याला कळत नव्हतं. फार तापल्यावर वीज तोडणारा कटआउट वायरमनने वगळून वायर थेट जोडली होती. मेकॅनिकने ती वायर मला दाखवली. "गिझर तुमाला सारखं सांगत होता," तो म्हणाला, "एकेक करून त्याची तोंडं बंद केलीत." मग खुंटी उचलून फिरवून पाहिली. "पण ठोकलीय कोणी? एक नंबर बसवलीय." आई आत निघून गेली.

नवा गिझर बसला. व्हॉल्व्हला नळी जोडून ती बादलीत सोडली. त्या पाण्याने आई आता अंगणातला अळू भिजवते. वर्षातून एकदा टाकी खोलून साफ करायची, असं ठरलं आहे. आजी मात्र चुलीवरच्या हंड्याकडे परत गेली आणि माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

मी कामावर असलो की सकाळी घरी फोन करतो. "टपकतंय का?" आई म्हणते, "टपकतंय." आमचं बोलणं बऱ्याचदा एवढंच असतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी ती म्हणाली, "नाय टपकत."

"का?"

"पाणीच नाय. बोअर आटली काल."

"आणि गिझरचा स्विच? बंद आहे ना?"

"थांब, बघते," ती म्हणाली. मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला आणि तिची पावलं आत गेली. न्हाणीघर ओटीपासून वीस पावलांवर आहे. ती परत येईपर्यंत मी फोन कानाला धरून उभा होतो.