ताईच्या चिंध्या

आमची ताई कपडे दुरुस्त करायची. नवे शिवायची नाही. उसवलेलं, फाटलेलं, ढिलं झालेलं आणि माणूस सुटल्यामुळे घट्ट झालेलं, एवढंच तिच्याकडे यायचं. चाळीस वर्षं एकच खोली, खिडकीशी मशीन आणि मशीनशी ताई. झिजलेली कॉलर उसवून ती अशी उलटी बसवायची की शर्टाच्या मालकालासुद्धा पत्ता लागू नये.

शाळेत मी गेलो, ती नाही. धाकट्यांना सांभाळायला घरी एक जण हवं होतं, आणि ते कोण हे तिला कुणी विचारलं नाही. मी सातवी पास झालो तेव्हा गावभर सांगत मात्र तीच फिरली. मी मिरवलो तो वेगळाच.

म्हातारपणी दर रविवारी मी तिच्याकडे चहाला जायचो आणि गोष्टी सांगायचो. आमच्या गुरुजींची सायकल चोरून नेणारा चोर दुसऱ्या दिवशी गुडघे फोडून घेऊन ती परत द्यायला आला, कारण तिला ब्रेकच नव्हता, ही गोष्ट मी तिला पन्नास वेळा तरी ऐकवली असेल. तोंडात टाचण्या धरून ती नाकातून हसायची. तिच्या कामाचं मी कधी काही विचारलं नाही. माझंच संपत नसे, तिला कुठे विचारणार?

ताई गेली. खोली महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. तिची एकुलती लेक, माझी भाची, तीन दिवसांची रजा काढून आली. भांडीकुंडी आवरायचं तिनं घेतलं, गिऱ्हाइकांचे कपडे परत करायचं माझ्याकडे दिलं. दिवसभर मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला. रडता रडता ती हसायची, म्हणून मला आणखी चेव चढायचा.

कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचा ढीग होता. एकतीस नग. प्रत्येकाला टाचणीनं एकेक चिंधी लावलेली, कुठे पिवळी, कुठे निळ्या चौकड्यांची. मला ते अगदीच गबाळं वाटलं. लोकांना कपडे परत द्यायचे तर नीटनेटके द्यावेत, म्हणून भाची बाहेर गेली होती तेवढ्यात मी सगळ्या चिंध्या काढल्या, घड्या घातल्या, वर हात फिरवला. टाचण्या डबीत ठेवल्या आणि चिंध्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. काम कसं चोख झालं, असं मनात म्हणालोसुद्धा.

संध्याकाळी गिऱ्हाइकं आली आणि आपापलं ओळखून घेऊन गेली. पण काळ्या पॅन्टी सगळ्या सारख्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाला हातात पॅन्ट घेऊन दारात. ती त्याच्या मांडीच्या वर चढेना.

तो रागावला नव्हता, हळहळत होता. ताईकडे प्रत्येक घराची एक चिंधी ठरलेली असे, असं त्यानं सांगितलं. त्याची पिवळी, त्याच्या बापाचीही पिवळीच होती. ताईला लिहिता येत नव्हतं, पण चाळीस वर्षांत एकाही कपड्याची अदलाबदल नाही.

"या खेपेला तिनं चिंध्याच लावल्या नाहीत बघा," तो भाचीला म्हणाला. "शेवटी शेवटी डोकं साथ देत नसावं बिचारीचं."

मी तिथंच उभा होतो, हातात झाडू घेऊन. एक वाक्य बोलायचं होतं. जन्मभर माझं तोंड बंद करायला लोकांना हात जोडावे लागले, आणि नेमकं तेव्हा ते आपणहून बंद झालं.

तो गेल्यावर भाची मशीनजवळ खाली बसली. आईला सुधरत नव्हतं आणि आपण फोनवर जेवलीस का एवढंच विचारत राहिलो, म्हणून रडू लागली. दुपारी आणखी दोघं अदलाबदल घेऊन आली. त्यांनीही तेच म्हटलं आणि मी झाडत राहिलो.

ती निघायच्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. आधी बेकरीत गेलो आणि सगळं सांगितलं. बेकरीवाल्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, भाऊ असावा तर असा, बहिणीवर बोट येऊ देत नाही. मी शपथ घेतली, तर त्याचे डोळेच भरून आले.

मग भाचीला गाठलं. ती पिशवी बांधत होती.

"चिंध्या होत्या. एकतीसच्या एकतीस. मी काढून टाकल्या," मी म्हणालो.

"मामा, पुरे."

"अगं, खरंच सांगतोय."

"तुझ्या गोष्टींवर आई हसायची, मीही हसले. पण ही नको रचूस," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस, कळतंय मला."

मी टाचण्यांची डबी पुढे केली. तिनं ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली आणि माझ्याकडे निरखून पाहत राहिली.

"आईचं डोकं साथ सोडत होतं तेव्हा माझं लक्ष नव्हतं. तुझ्या वेळी ठेवीन."

आता दर रविवारी तिचा फोन येतो. आधी ती विचारते, मामा, आज वार कुठला. मी सांगतो, रविवार. मग ती तारीख विचारते. तीही मी सांगतो, एकही शब्द वाढवून न बोलता.