ग्लास नाही, तर ढोल नाही

मिठागर मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी "किती प्रेमानं लिहिलंयस गं" म्हणायला नको. पहिल्याच भेटीत या माणसानं मला, एका कंपनीच्या एचआर मॅनेजरला, सगळ्यांसमोर हाक मारली, "गो पुणे, हयसर ये!" हो, पुणे. नाव विचारायची पद्धतच नव्हती त्याच्याकडे, तो माणसांना गावानं ओळखायचा. पथकात एक नाशिक होता, एक सांगली होती, दोन ठाणे होते. 'मिठागर' हे नाव त्याला मी दिलं, निव्वळ खुन्नस म्हणून. ते मात्र असं चिकटलं की त्याचं खरं आडनाव मला आज आठवत नाही.

आमचं ढोलताशा पथक दुबईतलं. बर दुबईच्या फ्लॅटमध्ये ढोल वाजवला तर दोन मिनिटांत पोलीस दारात, म्हणून सराव उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. जुलैपासून दर शनिवारी सकाळी सहाला. पंखे चार, फिरणारे दोन. सात वाजेपर्यंत ढोलाचा पट्टा घामानं भिजून कंबरेवरून घसरायला लागायचा. मिठागर वेंगुर्ल्याचा, जबल अलीच्या एका गोदामात फोरमन, कामगारांच्या कॅम्पवर एकटा राहणारा. ढोलाला त्यानं कधी हात लावला नाही. तो फक्त कलिंगडं घेऊन यायचा.

पिकअपमधून निळा कूलर उतरवायचा आणि दारात मांडायचा. त्यात कलिंगडाचा रस, न गाळलेला, वर लिंबू, पुदिना, जरासं आलं आणि मीठ. चिमूटभर नाही हो, चांगलं जिभेला लागेल इतकं. मी पहिला घोट घेतला आणि थुंकलाच. "शी! हे काय औषध आहे?" तो म्हणाला, "घाम पाण्याचो नसता गो, मिठाचो असता. आधी पी, मगे बडव." शिवाय आमच्या कुलकर्णी सरांना, म्हणजे पथकप्रमुखांना, पटवून त्यानं नियमच करून घेतला होता : ग्लास नाही, तर ढोल नाही. मी माझ्या पैशानं आणलेली एनर्जी ड्रिंकची बाटली त्यानं एकदा सरळ बाहेरच्या वाळूत ओतली. विचारलंसुद्धा नाही!

अवीरच्या मार्केटात त्याच्याबरोबर एकदा जायची वेळ आली, त्या दिवशी माझा जीव गेला. एकेक कलिंगड कानाशी धरायचं, बोटाच्या पेरानं वाजवायचं, ठेवून द्यायचं. चाळीस कलिंगडं वाजवून बारा घेतली. कलिंगडवाला पठाण "यल्ला, यल्ला", म्हणजे आटपा आटपा, करून थकला. "टणटण बोलता तो कच्चा. धम्म बोललो की घ्यायचा," हे ज्ञान वर मला. पुढच्या शनिवारी शेडमध्ये माझा ढोल ऐकून त्यानं तोंड वाकडं केलं, म्हणाला, "पुण्याचो ढोल कच्चो आसा." लोक हसले. मी हसले नाही.

हात मात्र चांगला होता त्याचा. खोटं कशाला बोलू? शमामच्या, म्हणजे आपल्या खरबुजाच्या, फोडी लबानमध्ये, म्हणजे इथल्या ताकात, घुसळून वर भाजलेलं जिरं घालायचा. ते मी दोनदा मागून घेतलं आणि दोन्ही वेळा "नवऱ्यासाठी" म्हटलं. कलिंगडाचा पांढरा भाग आपण टाकतो, तो किसून तांदळाच्या पिठात मिसळून शेडच्या मागे घावन घालायचा. गावच्या चिबडाची आठवण आली की शमाम चिरून त्यात गूळ आणि नारळाचं दूध घालायचा, आणि "हो काय चिबूड न्हय" असं कुरकुरत स्वतःच वाडगं संपवायचा.

कॅम्पवर त्याचा कोणी जोडीदार उन्हानं गेला असणार, म्हणून हा एवढा मागे लागतो, असं पथकात सगळे हळहळून बोलायचे. मी एकदा तोंडावर विचारलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच कोणाला मारलंय. "कोण मेलो नाय," तो म्हणाला, "कोणीतरी मरूकच होया काय, पाणी देऊक?"

आता माझं सांगते. माझे बाबा पुण्यात तरुणपणी ढोल वाजवायचे. मी बारा वर्षांची असताना मागितला, तर म्हणाले, "मुलींनी ढोल बांधायचा नसतो." पुढे मुलींची पथकं निघाली, बाबांचं मत बदललं, पण माझं लग्न, दुबई, नोकरी. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कंबरेला ढोल बांधला. आणि त्या गणपतीला बाबा व्हिजिट व्हिसावर खास तेवढ्यासाठी आले होते. वय शहाऐंशी. पहिल्या रांगेत माझी जागा होती. मला बाकी काही नको होतं, बाबांनी मला वाजवताना बघायला हवं होतं.

त्याच्या एका ग्लासापायी ती जागा जायला नको, म्हणून ऑगस्टमध्ये मी पथकाच्या कमिटीला ईमेल टाकला. उघड्या कूलरमध्ये हात घालतो, बायकांवर ओरडतो, वादक नसताना नियम करतो. एचआरवाली बाई, तक्रार लिहिणं माझ्या हातचा मळ! कमिटीनं त्याला शेडच्या आत यायला बंदी केली आणि नियमही गुंडाळला. तो दर शनिवारी बाहेर पिकअपमध्ये कूलर घेऊन बसायचा, लोक जाऊन पिऊन यायचे. मी गेले नाही.

शेवटचा सराव हरतालिकेच्या दिवशी आला. शुक्रवार, अर्धा दिवस ऑफिस, दुपारी चारला शेड. मी हरतालिका निर्जळ करते, लग्नापासून. घसा कोरडा पडला होता, पण मोडते कसली! ढोल बांधला तेवढ्यात मिठागर दारात. हातात वेगळी स्टीलची बाटली.

"पुणे, उपास ना गो तुझो? फळ चालता. सैंधव घातलंय, साधा मीठ नाय."

सगळे बघत होते. मी म्हटलं, "तुम्हाला आत यायची परवानगी नाही."

तो बाटली उंबऱ्यावर ठेवून गेला. वीस मिनिटांनी मी ढोलासकट आडवी.

शुद्धीवर आले तेव्हा पिकअपच्या एसीत होते. मान त्याच्या हातावर, दात बाटलीला लागत होते, आणि तो दरडावत होता, "गीळ. खलास, उपास झालो तुझो, गीळ!" मी गिळलं. मग क्लिनिक, सलाइन, घाबरलेला नवरा. संध्याकाळी कुलकर्णी सर भेटायला आले, मागे हा. हाच म्हणाला, "पुणे उद्या वाजवची नाय." मी ओरडले, रडले, "माझे बाबा एवढ्या लांबून आलेत हो!" तो म्हणाला, "बापाशीक आधी जिती चेडू दाखय," म्हणजे जिवंत मुलगी. सरांनी मान डोलावली. झालं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत माझ्या जागी सांगली वाजवत होती. मी खुर्चीवर, शेजारी बाबा. ते माझा हात थोपटत म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्यांना विमानात बसायची डॉक्टरांनी मनाई केली, आणि यंदा फेब्रुवारीत ते गेले. बाबांनी मला ढोल वाजवताना कधीच पाहिलं नाही. मिठागर तेव्हा बरोबर होता, हे मला पुरतं कळतं. म्हणून राग कमी होतो असं नाही.

त्याचा व्हिसा संपला, तो वेंगुर्ल्याला कायमचा गेला. कूलर शेडमध्येच राहिला.

यंदा हरतालिकेला पथकातल्या एका नव्या मुलीनं निर्जळ उपास धरला. मी दारात उभी होते, स्टीलची बाटली घेऊन. "आंटी, इट्स माय चॉइस," ती म्हणाली. मी तिच्या हातातलं ढोलाचं टिपरू काढून घेतलं. तिनं माझ्याकडे जे बघितलं, ती नजर मला चांगलीच ओळखीची होती. ती प्यायली, पाय आपटत.

घरी येऊन मी त्याला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. भांडायलाच लावला होता.

"पुणे?" तो म्हणाला. "बापाशीन बघितल्यान काय गो शेवटी?"

"नाही. गेले ते."

"माझ्यामुळे राहिला," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "तुमच्यामुळे."

"रस कोण करता आता?"

"मी."

"मीठ किती घालतंस?"

मी सांगितलं.

"कमी आसा," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.