परसातली तार

मला दुसरेपणावर दिली होती. लपवाछपवी काही नव्हती. बघायला आले तेव्हाच त्यांच्याकडून सांगितलं गेलं, पहिली अपघातात गेली, मूलबाळ नाही. कसला अपघात, हे माझ्या वडिलांनी विचारलं नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. मी मनाशी एसटीचा अपघात धरून चालले होते. धुळ्याहून पारोळ्याकडे येताना वळणावर एखादी गाडी आडवी पडलेली दिसली, की मला तिची आठवण यायची. जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सासरचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. धाब्याचं घर, वर मातीचं सपाट छत. घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणू लागले. नवरा जळगावला दाळ मिलमध्ये कामाला होता, सुटीला यायचा.

त्या घरात पहिल्या दिवशी मला एक गोष्ट विचित्र वाटली. प्रत्येक बटनाशेजारी खिळ्याला सुतळीनं एक लाटणं टांगलेलं होतं. दिवा लावायचा तर लाटण्याच्या टोकानं बटन दाबायचं. मी सवयीनं हात पुढे केला, तर अक्का चुलीजवळून ओरडल्या, "बटनले हात लावू नको, पोरी!" आवाज एवढा चिरका, की माझ्या हातातलं भांडं पडलं. पुढे कधी त्यांनी कारण सांगितलं नाही. दुसरी गोष्ट, परसाचं दार. त्याला कडी होती, कडीला कुलूप होतं आणि कुलपावर गंज. धुणं पुढच्या अंगणात वाळत घालायचं, तेही दोरीवर.

पाचसहा महिने मी तसंच चालवलं. लाटण्याची सवयही झाली. पण संध्याकाळी दिवा लावला, की अक्का त्याच्याकडे बघत बसायच्या. आपण ओट्यावर बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघतो ना, हा उठून केव्हा जाणार म्हणून, तसं.

मग वैशाखात वादळ आलं. दुपारभर आभाळ पिवळं होतं, आणि चारच्या सुमाराला धुळीचा असा लोट उठला, की समोरचं घर दिसेना. पाऊस चार थेंब पडला असेल, पण वाऱ्यानं शिवारातले विजेचे खांब आडवे केले. लाईट गेली. लाईट तशी रोजच जायची, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी जळगावहून आलेल्या गाडीचा ड्रायव्हर सांगू लागला, भुसावळकडून येणारे मोठे टॉवरच पडलेत, जळगाव अंधारात आहे, धुळं अंधारात आहे, आता आठवडाभर विसरा.

पिठाची गिरणी बंद पडली, नळ आटला. बाया पुन्हा जुन्या विहिरीवर दोर-बादली घेऊन जाऊ लागल्या. तिथेच मला कळलं. शेजारच्या काकू पाणी ओढता ओढता सहज म्हणाल्या, "तुझ्या अक्काला आता बरी झोप लागत असेल. करंटच नाही ना घरात." "करंटचं काय?" मी विचारलं. त्यांच्या लक्षात आलं, की मला काहीच ठाऊक नाही. त्यांनी बादली कठड्यावर ठेवली आणि हळू आवाजात सांगितलं.

परसात धुणं वाळत घालायची लोखंडी तार होती. न्हाणीतल्या दिव्याची वायर त्या तारेवरूनच नेली होती. वायर घासून उघडी पडली. पहिली ओलं लुगडं टाकायला गेली आणि तारेलाच चिकटली. अक्का दारात उभ्या होत्या, हात पिठाचे. त्या धावणार तोच भिंतीपलीकडून कोणीतरी ओरडलं, हात लावू नका, तुम्हीही जाल! अक्का थांबल्या. माणसं फळकुट घेऊन येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

घागर घेऊन मी घरी आले. इतके महिने जिला मी रस्त्यावरच्या अपघातात मरताना पाहत होते, ती याच घरात, कुलूप लावलेल्या दारामागे मेली होती.

काकूंचं म्हणणं मात्र खरं होतं. अंधार झाल्यापासून अक्का बदलल्या होत्या. भिंतीला हात लावत घरभर हिंडत होत्या. एकदा मी पाहिलं, बटनावरची धूळ त्या पदरानं पुसत होत्या, बोट थेट बटनावर टेकवून. माझी चाहूल लागली तशा म्हणाल्या, "लाईट नई शे आते. बठ्ठं मोकळं शे." सगळं मोकळं, असं म्हणून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी नजर वळवली आणि चुलीकडे गेले.

रात्री आम्ही धाब्यावर झोपायचो. चारी बाजूंना गावं असूनसुद्धा कुठे ठिपकाभर उजेड नव्हता. अंधारात अक्का तिच्याबद्दल बोलायला लागल्या. ती भाकरी पातळ करायची. तिला गाभुळलेली चिंच आवडायची. नवऱ्याची वाट बघत ओट्यावर पेंगायची. मी हूं हूं करत ऐकायची. ऐकता ऐकता वाटायचं, आम्ही दोघी नाही, तिघी झोपलोय, आणि मधली जागा माझी नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी, सांजेची वेळ. मी कंदिलाची काच पुसत होते. आतून कुलूप तोडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर परसाचं दार सताड उघडं. बाहेर गुडघाभर वाळकं गवत, पडकी न्हाणी, आणि दोन खांबांमध्ये गंजलेली तार अजून तशीच ताणलेली. अक्कांनी ती दोन्ही हातांनी धरली होती. कपाळ टेकवलं होतं तिच्यावर. हात लावला नाही म्हणून पुटपुटत होत्या, "मी हात नई लावा... मी हात नई लावा माय..."

मी दारातच थबकले. त्यांचं दुःख त्यांचं आहे, आपण मधे पडू नये, असं वाटलं.

आणि लाईट आली.

आधी गावभर पोरांचा गलका उठला, आली, आली! मग मागे घरातला दिवा पेटला आणि माझी सावली परसात लांबच लांब पडली, थेट अक्कांपर्यंत. त्यांनी तो गलका ऐकला असणार. उजेडही त्यांच्या अंगावर पडला होता. पण त्यांच्या मुठी सुटल्या नाहीत. मला वाटलं, चिकटल्या. मी "अक्काऽऽ" करून किंचाळले आणि धावत जाऊन त्यांना कमरेला मिठी मारून मागे ओढलं. आम्ही दोघी गवतात पडलो.

काहीच झालं नाही. ना झटका, ना ठिणगी. अक्का उठून बसल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मग त्यांनी माझ्या दंडावर फाडकन चापट मारली. "येडी शे का तू? हात लावा तू माले? मरी जाती ना!" मारता मारता त्यांनी मला छातीशी धरलं. 

दुसऱ्या दिवशी नवरा जळगावहून आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो परसाच्या दारापर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "त्या तारेत करंट कुठून येणार? न्हाणीची लाइन मी तेव्हाच मुळापासून तोडली. अक्का माझ्या शेजारी उभी होती, तिनं डोळ्यांनी पाहिलंय."

म्हणजे त्यांना माहीत होतं. तरी इतकी वर्षं दाराला कुलूप होतं. पाहिलं होतं, पण विश्वास बसला नव्हता, असं मी मनाला समजावलं. पण मग उजेड पडल्यावर त्यांनी तार का सोडली नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. अक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

त्या संध्याकाळी मात्र, गवतातून उठवून मी त्यांना आत आणलं, पाणी दिलं, तेव्हा तांब्या हातात धरून त्या म्हणाल्या होत्या, "असाच आवाज दिना व्हता तिनी. अक्का म्हनीसन. बस, येकच सावा, येकदाच."

त्यानंतर मी त्यांना लांबून कधी हाक मारली नाही. काही सांगायचं असलं, की हातातलं काम ठेवून जवळ जायची आणि खांद्याला हात लावून बोलायची.